हात वाळेपर्यंत

तय्यबभाई,

तुला माती देऊन परतलो, नदीवर आंघोळ केली आणि दामूभटाच्या खाणावळीत जेवायला बसलो. पाणी पिऊन उठलो तेव्हा शेजारच्या माणसाची पहिलीच भाकरी चालली होती. दामूभट वाढायची पळी हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "अहो मापारी, भाजीत काही चुकलं का?"

काहीच चुकलं नव्हतं. समोर तुझ्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या आणि मला 'हळू' म्हणणारं कोणी नव्हतं, एवढंच.

मला रडता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी कापूस तोलणारा, मोजणारा माणूस. तू गेलास हे मला कबरीपाशी कळलं नाही, नदीवर आंघोळ करतानाही नीट कळलं नाही. जेवण आटोपल्यावर दुपार एवढी मोठी शिल्लक राहिली तेव्हा कळलं. इतकी वर्षं माझं दुपारचं जेवण म्हणजे माझ्या ओट्यावरची सावली गल्ली ओलांडून तुझ्या ओट्यावर चढेपर्यंतचा वेळ. आता तो वेळ तिथेच आहे आणि त्यात बसणारा एकटा मी. पुढे कोणासोबत बसायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तू असतास तर तुलाच विचारला असता. म्हणून लिहितो.

आपल्या वऱ्हाडात शिजवलेलं अन्न विकणं ही लाजेची गोष्ट होती, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पाहुणा आला की त्याच्यापुढे ताट यायचं. तो कोण, कुठला, हे हात धुतल्यावर विचारायचं. अन्नाचा भाव कोणी काढला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मग समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांना आपली काळी माती आठवली. अमरावतीच्या बाजारात इतक्या गाड्या येऊ लागल्या की कोणाच्या घरी किती माणसं जेवणार? गाडीवान, दलाल, गुजरातेतले शेठ, मुंबईचे कारकून, सगळ्यांना पोट होतं. तेव्हा साताऱ्याकडून दामूभट आला आणि त्याने तुझ्या दुकानासमोर खाणावळ घातली. आत सोवळ्यातली पंगत, बाहेर ओट्यावर आम्ही बाकीचे. जेवून झालं की आपलं पान आपण उचलायचं.

मी पहिल्या दिवशी तिथे चोरासारखा बसलो होतो. गाव दूर, काटा दिवसभर चालू, भूक तर लागणारच. पण विकतचं खाताना ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून मान खाली घालून घास कोंबत होतो. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"ओ भाऊ! गाडी सुटून रायली का तुयी?"

मी तोंड भरलेलं असताना मान हलवली.

"मंग घराले आग लागली?"

"नाही बाप्पा."

"मंग कावून असा पोतं भरल्यासारखा भरून रायला? थोडं दाबून भर, अजून मावन."

ओट्यावरचे सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, "तू तुयं जेव ना."

"जेवतोच हाय. तुया आधी बसलो, अन् तुया मांगून उठीन. पाह्य."

मी पाहिलं. तुझ्या घरातून मोठा थाळ आला होता. तो तिवईवर ठेवला आणि तू, तुझे भाऊ, म्हातारे मुनीमजी असे सगळे त्याच्याभोवती गोल बसलात. एकाच थाळात सगळ्यांचे हात! आमच्याकडे सख्ख्या भावाच्या ताटातही हात घालत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी आधी मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. तिथवर मी गप्प राहिलो. मग भाकरी नाही, भात नाही, आधी शिरा आला, तेव्हा मला राहवलं नाही.

"गोड आधी?"

"मंग कधी?"

"सुरुवात गोडानं केल्यावर शेवट कशानं करता?"

तू शिऱ्याचा घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणालास, "शेवट कोनी पायला, भाऊ?"

तेव्हा ते उत्तर मला आगाऊ वाटलं होतं.

बऱ्हाणपूरहून येऊन लोखंड विकणाऱ्या बोहऱ्याशी माझं काय जमावं? तू खिळे, तवे, गाडीच्या चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा विकायचास. मी काट्याशी उभा राहून रुई तोलायचो. पण दुपारी उन्हात काटा बंद ठेवत, आणि दुपारी तुझा थाळ बाहेर ओट्यावर येई, कारण आत मालाने जागा भरलेली. मी खाणावळीच्या ओट्याच्या काठाशी बसायचो, तू तुझ्या. मधे गल्ली. तू तुझं खायचास, मी माझं, आणि बोलणं तेवढं इकडून तिकडे जायचं. त्याला कोणाची शिवाशिव नव्हती.

गल्लीतून मात्र गाड्या जायच्या. आपलं निम्मं बोलणं त्या गाड्यांनी खाल्लं. तू एकदा बऱ्हाणपूरच्या विहिरीची गोष्ट सांगत होतास. कोणी दोन भाऊ, एक विहीर, आणि त्यात पडलेली म्हातारी. म्हातारीने वर पाहून काय म्हटलं, ते तू सांगणार तोच कापसाच्या गाड्यांची रांग मधे आली. ती सरेपर्यंत तू तुझं सांगून, हसून, डोळे पुसून मोकळा झाला होतास. मी म्हटलं, पुन्हा सांग. तू म्हणालास, "एक डाव हासलो, आता नाही येत." ती म्हातारी काय म्हणाली, हे मला आजही माहीत नाही.

आपला खरा वाद होता तो जेवण संपल्यानंतरचा. माझ्या आईने मला शिकवलं की जेवण झालं की उठावं, खरकटा हात वाळवत बसू नये, घराला ते चांगलं नाही. तुमच्याकडे जेवण झाल्यावरच खरी बैठक. तुझा धाकटा भाऊ हात धुवायचं भांडं, ती तुमची चिलमची, घेऊन उठला की तू त्याला डोळ्यानेच बसवायचास. दामूभटाची तऱ्हा तिसरीच. त्याला वाटे, बोलायचंच कशाला?

"मापारी, पान उचला. दुसरी पंगत ताटकळली आहे. गप्पांना देऊळ बांधलंय गावानं."

तू पलीकडून ओरडायचास, "भटजी, मानूस जेवून रायला! घोड्याले चंदी नाही घालून रायले तुमी!"

"तुमचं काय जातंय शेठ? जागा माझी अडते."

"मंग त्याले कोपऱ्यात बसवा ना. तो काय उडून चालला?"

शेवटी दामूभटाने खरंच ओट्याचा एक कोपरा मला नेमून दिला. वर म्हणाला, "इथं बसा, मुक्काम करा, हवं तर मुंज लावा." त्या कोपऱ्यात मी हात वाळवायला शिकलो. आईला कळलं असतं तर तिने पाठीत धपाटा घातला असता.

एकदा आपण अकोल्याला गेलो होतो, मी नवी वजनं पडताळायला आणि तू धावांचा माल घ्यायला. तिथे मी गुजराती शेठ लोकांच्या बाशात, म्हणजे त्यांच्या खाणावळीत जेवलो. वाढपी तूप ओतायचा थांबेना, आणि शेठ लोक तोंडात घास असताना सौदे करत होते. एकाने फुलका मोडता मोडता कापसाच्या गठाणी विकल्या. मला ती तडफ आवडली. तू तुझ्या मामाच्या घरून जेवून आलास तेव्हा मी तुला कौतुकाने सांगितलं. तू तोंड वाकडं केलंस. "एक तर जेवा, नाही तर सौदा करा. दोन बायकांसंग एकाच टायमाले बोललं त कोन्तीच ऐकत नाही."

त्यावर मी म्हटलं होतं, "आमचंही निवांत जेवन असते. तू रोडगे नाही पायले अजून."

थंडीत तुला शेतावर नेलं. तू आपला डबा घेऊन, चांगला भुकेला होऊन आलास. आम्ही तेव्हा कुठे गोवऱ्या पेटवत होतो. पुरुषमंडळी कणीक मळत होती, वांगी चिरत होती, एक जण मिरच्या जास्त टाकतो म्हणून दुसरा त्याच्या बापाचा उद्धार करत होता. तू दोनदा विचारलंस, "जेवन कधी?" मी म्हटलं, "हेच जेवन होय." निखाऱ्यात रोडगे भाजत राहिले, आम्ही भोवती बसून जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत राहिलो. दिवस कलला तेव्हा राख झटकून रोडगे फोडले, तुपात बुडवले, कोणी अवाक्षर न बोलता खाल्ले आणि चिंचेखाली आडवे झालो. तू एकटा बसून राहिलास, बोलायला कोणी नाही, सगळे घोरतायत.

"अजब लोक हाय तुमी," तू मला पायाने ढोसून म्हणालास. "सारं बोलनं जेवनाच्या आधीच संपवता. जेवून घ्यायच्या आधीच जेवता!"

मी झोपेत हसलो. मग तू विचारलंस, "वहिनी कुठं हाय?"

"घरी. रोडगे मानसाईचं काम."

"अन् घरी कोनासंग जेवते?"

"आमी जेवल्यावर जेवते."

"किती भाकरी खाते?"

मी डोळे उघडले. मी मोजायला गेलो, आकडाच सापडेना.

"मापारी ना तू?" तू म्हणालास. "साऱ्या बाजारात तुया काट्यावर लोक डोळे मिटून भरोसा ठेवते. अन् बायको किती खाते, मालूम नाही?"

"बायकोले जेवताना पाहत नसते."

"मी पायतो. रोज रातच्याले एका थाळात बसतो आमी. सकिना अर्धा घास खाते अन् अर्ध्या गावाची खबर देते. वहिनीले बसव समोर. तुले कोनी मारन का?"

"आमच्यात तसं नसते."

हे वाक्य मी तुला किती वेळा ऐकवलं असेल! तू दर वेळी माझीच नक्कल करून ते मला परत द्यायचास. "हो हो. तुमच्यात तसं नसते."

आणि मग माझ्या लेकीच्या, काशीच्या लग्नाचं आलं.

मूर्तिजापूरकडच्या किसनाजी पाटलांच्या मुलाशी सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती. घर चांगलं, जमीन काळी, मुलगा शांत. तेवढ्यात त्यांच्या चुलतभावाकडून निरोप आला की मापारी रोज बोहऱ्यासंग जेवते असं कानावर आलं आहे. खरं असेल तर सुपारी परत. मी निरोप आणणाऱ्या माणसाला समजावलं की मधे अख्खी गल्ली आहे, गाड्या जातात. तो म्हणाला, "जेवता तं खरं ना? एकमेकाकडं पाहून?" पाहून तर जेवतच होतो.

मी दुकानात येऊन तुला सांगितलं. तू हातातला तवा पुसून फळीवर ठेवलास. मग म्हणालास, "पोरगी पयले." दुसऱ्या दिवसापासून तुझा ओटा रिकामा. थाळ आत गेला. मी निरोप पाठवला की इतकं कशाला; तुझं उत्तर आलं, "मेलो नाही. भिंतीआड हाय. लगन होऊ दे, मंग बसू."

ते दिवस मला फार जड गेले. दामूभटसुद्धा एकदा वाढता वाढता समोर पाहून म्हणाला, "ओटा कसा ओकाबोका दिसतो." मी पुन्हा पहिल्यासारखा जेवायला लागलो. खाल्लं की उठलो. तुझ्याविना बसायचं की काशीचं घर मोडू द्यायचं, यात मला निवड नव्हती, आणि पाटलांचा पक्का होकारही येत नव्हता.

मग स्वतः किसनाजी पाटील कापसाच्या गाड्या घेऊन बाजारात आले. काट्यावर मला पाहून त्यांनी रामराम केला, पण कोरडा. दुपारी काटा थांबला. जेवणाची सोय दुसरी नव्हती, म्हणून ते माझ्यामागून खाणावळीत आले आणि ओट्यावर शेजारी बसले. जन्मात विकतचं खाल्लं नव्हतं त्यांनी. मान खाली, घाईघाईने घास. मी तर घामाने भिजलो होतो. आता लग्नाचं बोलतील, आता नको म्हणतील.

आणि तेवढ्यात तुझा थाळ बाहेर आला.

मला वाटलं, झालं, संपलं. तू बसलास, मीठ चाखलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस, जणू मी ओट्याचा खांब.

"पाटील!" तू हाक मारलीस. "कोन्या भागातला कापूस?"

पाटलांनी वर पाहिलं. "मूर्तिजापूरकडचा, नदीपल्याडचा."

"अरे वा. मंग पूर्णा उतरून आले. पानी किती हाय नदीले?"

"आता काय, गुडघाभर. पान्याचं इचारता तर आमच्या ढवळ्याले इचारा!"

"ढवळ्या कोन?"

"बैल होता मायावाला."

"होता?"

बस. तू एवढंच विचारलंस, आणि पाटील सुरू झाले. पुराच्या वर्षी भरलेली गाडी, मधोमध सुटलेलं जू, वाहून चाललेला बैल. तू मधेमधे नेमकं तेवढंच बोलायचास. "मंग शेपटी धरली का शिंग?" "अरे अरे! अन् गाडीवान?" पाटील हाताने नदी दाखवत होते, बैलाचं नाक पाण्यावर कसं होतं ते स्वतःचं नाक वर करून दाखवत होते. एक गाडी मधे आली तर पाटील उठून उभे राहिले आणि बैलांच्या पाठीवरून ओरडून सांगू लागले. तुझ्या थाळातले सगळे खायचे थांबले होते. दामूभट आला.

"पाटील, पान उचला. मंडळी खोळंबलीत."

"थांब ना बाप्पा!" पाटील कडाडले. "बैल अजून नदीतच हाय!"

बैल नदीतून निघायला फार वेळ लागला. निघाल्यावर तो आणखी किती वर्षं जगला, कसा गेला, हेही झालं. तू सगळं ऐकलंस, शेवटी मान हलवून म्हणालास, "असा जानवर नशिबानं भेटते," आणि हात धुऊन आत गेलास. माझ्याकडे तेव्हाही पाहिलं नाहीस.

पाटील खुशीत होते. मला म्हणाले, "मानूस मोठा दिलाचा दिसते. कोन हाय हा?"

मी म्हटलं, "तेच."

"तेच कोन?"

"ज्याच्यासंग मी जेवतो म्हनून तुमी सुपारी परत करून रायले, ते."

पाटलांनी समोरचा ओटा पाहिला. मग आपला हात पाहिला. भाजीचा रस बोटांवर वाळून पापुद्रे निघाले होते.

"म्हंजे मी आता इतका येळ..."

"हो."

"त्याच्याकडं पाहून?"

"उभं राहून."

ते बोटांवरचे पापुद्रे सोलू लागले. माझा जीव टांगलेला. आतून दामूभटाचा आवाज आला, "पाटील, निघाला का तुमचा बैल एकदाचा? पान उचलू?" आणि पाटील असे हसले की त्यांना ठसका लागला, मी पाठ चोळली. पाणी पिऊन म्हणाले, "मापारी, तिथी काढा. आता मी नाही म्हटलं तर मायी सोयरीक कोन करन?"

तो पाटील कोण हे तुला आधी ठाऊक होतं की नव्हतं? मी तुला नंतर किती खोदून विचारलं. तू दर वेळी डोळे मोठे करायचास. "मले काय मालूम? मी गिऱ्हाईक समजलो." त्यातली मेख अशी की तू त्याच दिवशी त्यांना चाकांच्या धावा खरंच विकल्या होत्यास. त्यामुळे तुला खोटा पाडता येईना. काशी आज तिथे सुखात आहे, मांडीवर पोर खेळतं. तिच्या घरचा उंबरा तुझ्या एका प्रश्नावर उभा आहे, हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, बैलाचे उपकार मान. म्हणून आता लिहून ठेवतो. उपकार तुझे.

लग्नात तुला कोरडा शिधा दिला, तुझ्या माणसांनी वेगळ्या मांडवात रांधलं. वरात पोचली, वधूवर निजले, तुझं जेवण चालूच. पाटील पलीकडे घोंगडी टाकून तुझ्याशी बोलत बसलेले. मला तेव्हा थोडा हेवा वाटला, सांगून टाकतो.

तुझ्या तापात मी शेवटचा आलो तेव्हा तू मागच्या खोलीत होतास. मी दाराशी उभा. तुझ्यापुढे वाटीत पेज होती आणि तू ती बोटाने हलवत होतास.

"जेवला?" तू विचारलंस.

"जेवलो."

"बसला होता?"

"होतो थोडा."

"खोटं," तू म्हणालास. आवाज अगदी बारीक झाला होता, पण हसू तेच. "आता तुले हळू कोन म्हनन? वहिनीले बसव समोर."

"आमच्यात..."

"हो हो," म्हणालास आणि डोळे मिटलेस. पुढचं वाक्य बोलायलाही तुला त्रास होत होता. मीच ते मनात पुरं केलं.

आता यापुढचं तुला माहीत नाही, ते सांगतो. काल बाजार बंद होता. मी दुपारी घरी जेवायला बसलो. तुझी वहिनी, यमुना, वाढत होती. मी पहिला घास घेतला, घर इतकं शांत होतं की चावल्याचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "तू बी पान घे."

"कोनासाठी?"

"तुयासाठी. बस इथं."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं. "अंगात कसर हाय का तुमच्या?"

"नाही. बस."

ती गेली, दार लोटून आली, चुलीपाशी जरा पाठमोरी बसली आणि भाकरी घेतली. तुझ्याशी बोलताना मधे गल्ली होती, ओरडायचं असायचं. इथे हातभर अंतर आणि शब्द नाही. शेवटी मी म्हटलं, "सकिनाबाई कशी असन, कोन जाने."

"परवा जाऊन आली मी," यमुना म्हणाली. "घास गिळत नव्हती. मी म्हटलं, मंग मी बी नाही खात. तवा कुठं खाल्लं."

माझा हात थांबला. "तू तिच्यासंग जेवते?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "लोखंडी तवा किती वर्सं टिकते?"

"जन्मभर."

"मंग 'तवा आनाले जातो' म्हनून दर बाजाराले मी त्याईच्या घरी कायले जात होती?"

ती हसत होती, पाठमोरीच.

"तुमी दोघं समोर गल्लीत बोंबलत बसा, आमी मांगं अंगनात. सकिनाबाई त्याईच्या थाळापाशी, मी माया फडक्यातली भाकर घेऊन. आमच्या मधातून गाड्या नाही जात. तुमच्या गाड्या सरेपर्यंत आमचं कायचं काय बोलून होये."

"तय्यबभाईले ठाऊक होतं?"

"त्याईनंच तर ऊन लागू नये म्हनून ताडपत्री बांधून देली."

म्हणजे तू सगळं जाणून होतास! चिंचेखाली, तोंड इतकं गंभीर करून मला विचारत होतास की वहिनी किती भाकरी खाते, तेव्हा तुझ्याच अंगणात तुला ते दिसत होतं. मी बायकोसमोर हे आठवून मोठ्याने हसलो. तिला वाटलं, आता मात्र खरंच ताप आहे.

मग माझा स्वभाव आडवा आला. मला एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती. मी विचारलं, "आपापलंच खात होत्या ना? का सकिनाबाईच्या हातचं लोणचंबिणचं..."

यमुना आता वळली. सरळ माझ्यासमोर. तिच्या हनुवटीला भाजीचा रस लागला होता, आणि मी तिला इतक्या वर्षांत जेवताना पहिल्यांदा पाहत होतो.

"ते तुमी नका इचारू," ती म्हणाली. "तुमाले मोजायची खोड हाय."

आणि दुसरी भाकरी घेतली.

तय्यबभाई, त्या लोणच्याचं तुला नक्की माहीत होतं, आणि तू विचारता येणार नाही अशा ठिकाणी गेलास. सकिनाबाईला मी विचारू शकत नाही. आता राहिली यमुना. तिच्याकडून हे काढून घ्यायचं म्हणजे समोर बसावं लागणार, सावकाश जेवावं लागणार, तिचं ऐकावं लागणार. तरी ती सांगेल असं मला वाटत नाही. एका जेवणात तर नाहीच.